तळेगावच्या चार वाटा आणि एकवीस किलोमीटर



नागपूरहून एसटीनं अमरावतीला निघालात, की वाटेत एक गाव लागतं. पाटीवर नाव दिसतं: तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ आहेत, तेव्हा कंसातलं नाव नीट वाचायचं, बरं का! हे आमचं तळेगाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं. बहुतेक प्रवासी इथं चहा पितात आणि पुढं निघून जातात. आज मात्र तुम्ही उतरायचं आहे. बुटांचे बंद घट्ट बांधा. आपल्याला हे गाव पळत पळत पाहायचं आहे.

आमच्या गावातून चार दिशांना चार वाटा फुटतात. पूर्वेला घाट चढून कारंजा (घाडगे) आणि पुढे नागपूर. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडून तिवसा, मोझरी आणि अमरावती. उत्तरेला आष्टी, दक्षिणेला आर्वी. पहाटे पाच वाजता या गावात आठ माणसं जमतात. पोलीस भरतीची तयारी करणारे तीन पोट्टे, कॉलेजात जाणारी एक ताई, एक शेतकरी काका, एक दुकानदार, दवाखान्यातल्या सिस्टर आणि प्राथमिक शाळेत शिकवणारी मी. हिवाळ्यात नागपूरला अर्धी मॅरेथॉन, म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर, पळायची आमची तयारी चालली आहे.

तुम्ही म्हणाल, कशासाठी? बक्षीस मिळणार आहे का? छे! आमच्यातलं कुणी पहिलं येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आमच्या शेतकरी काकांच्या घरी कॅन्सर येऊन गेला. उपचार नागपूरला झाले. काका एकदा म्हणाले, "औषधाचं कसंबी जमलं जी, पण येरझाऱ्यांनी मोडलो." रोग्याबरोबर कुणीतरी जावं लागतं. त्याचं भाडं, दोघांचं जेवण, रात्री टेकायला जागा, शिवाय बुडालेली मजुरी. हा खर्च कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या खर्चासाठी पैसे गोळा करायचे, म्हणून आमचं हे पळणं.

चला तर, पहिली वाट आर्वीची.

हा रस्ता मोठ्या हमरस्त्यापेक्षा शांत. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. आम्ही उजव्या कडेनं पळतो, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. इथं आम्ही काय शिकलो? हळू पळायला! हसू नका. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. त्या सवयीनं आमचे पोट्टे पहिल्या दिवशी बाणासारखे सुटले आणि दोन किलोमीटरवर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले! मागून काका आपल्या चालीनं आले आणि पुढं निघून गेले.

लांब पळण्याचा एक सोपा नियम आहे. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं, की समजायचं, वेग जास्त झाला. जोरात पळताना स्नायूंना जितका प्राणवायू लागतो, तितका पुरत नाही आणि माणूस लवकर थकतो. हळू पळालं, की हृदय आणि फुप्फुसं त्या कामाला हळूहळू तयार होतात. सुरुवातीला आम्ही एक मिनिट पळायचो आणि दोन मिनिटं चालायचो. पुढं पळणं वाढलं, चालणं घटलं. अंतरही एकदम वाढवायचं नाही, दर आठवड्याला थोडं थोडं. आठवड्यातून एक-दोन दिवस चक्क विश्रांती. विश्रांतीतच शरीराची डागडुजी होते.

याच वाटेवर वेचणीला निघालेल्या एका आजीनं मला थांबवलं होतं. "माय, कावून पयून रायली वं? मांगं कोनी लागलं का?" मी कारण सांगितलं. आजीनं पदराची गाठ सोडली आणि दहा रुपये काढून दिले. आमच्या वहीतली ती पहिली नोंद!

दुसरी वाट आष्टीची.

रविवारी आम्ही या वाटेला लागतो, कारण रविवार लांब पळायचा. आष्टीला लोक 'आष्टी शहीद' म्हणतात, ते का, ठाऊक आहे? १९४२ साली 'चले जाव'ची हाक आली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आजूबाजूच्या गावांतली माणसं आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाली. गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. त्याच दिवशी चंद्रपूरकडच्या चिमूरलाही असंच रण पेटलं. तेव्हाची बहुतेक माणसं पायीच आली असणार. या रस्त्यावर पाय दुखायला लागले, की आमच्यातलं कुणीतरी ही आठवण काढतं. मग तक्रार करणारा आपोआप गप्प बसतो.

तिसरी वाट घाटाची.

कारंज्याच्या बाजूला हमरस्ता चढत जातो, तो सत्याग्रही घाट. १९३० साली इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. कायदा मोडायचा म्हणजे काय करायचं? राखीव जंगलात जाऊन गवत कापायचं! हातात बंदूक नाही, साधा विळा. तळेगावचं जंगलही त्या सत्याग्रहात होतं. घाटाचं नाव त्याच दिवसांची आठवण देतं.

पण मित्रांनो, आम्ही या घाटात पळत नाही. एकामागून एक ट्रक चालतात आणि कडेला जागा कमी. शूरपणा वेगळा आणि आगाऊपणा वेगळा, हो की नाही? चढाच्या सरावासाठी गावाजवळची पांदण बरी. तिथं लहान पावलं टाकत वर जायचं आणि चालत खाली यायचं, असं सहा वेळा. उन्हाळ्यात मात्र सगळा सराव दिवस उगवायच्या आत उरकायचा. विदर्भाचं ऊन काय चीज आहे, हे इथल्या लेकरांना वेगळं सांगायला नको!

चौथी वाट मोझरीची.

हा मोठा हमरस्ता, म्हणून इथंही आम्ही पळत नाही. एका सुट्टीला आम्ही आठही जण एसटीत बसलो आणि वर्धा नदी ओलांडून गुरुकुंज मोझरीला गेलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा आश्रम १९३५ साली उभा राहिला. महाराजांचा जन्म १९०९ साली यावलीचा. खंजिरी वाजवत त्यांनी गावोगाव स्वच्छतेचं, व्यायामाचं आणि श्रमदानाचं वेड लावलं. १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. समाधीपुढे काका बराच वेळ हात जोडून उभे होते. आम्हीही काही बोललो नाही.

परतताना एसटीत मी सगळ्यांना टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. टेरी कॅनडाचा. १९७७ साली, अठरा वर्षांचा असताना, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. दवाखान्यात त्यानं आपल्याहून लहान मुलांना त्या आजारानं कळवळताना पाहिलं. त्यानं ठरवलं, सगळा देश पळत पार करायचा आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे. वर्षाहून जास्त काळ त्यानं कृत्रिम पायावर सराव केला. १२ एप्रिल १९८० रोजी तो निघाला. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन! सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढं मात्र गावंच्या गावं रस्त्यावर येऊ लागली. १४३ दिवस आणि ५३७३ किलोमीटर झाल्यावर त्याच्या छातीत दुखू लागलं. कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. त्याला थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी तो गेला. अवघं बावीस वर्षांचं वय! पण देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा त्याच्या डोळ्यांदेखत पुरी झाली होती. आता दरवर्षी अनेक देशांत त्याच्या नावानं लोक धावतात. त्या धावण्यात पहिला नंबर नसतो, शेवटचाही नसतो.

आता आमचा हिशेब ऐका. आम्ही ओळखीच्यांना विचारतो, "मी पळेन त्या प्रत्येक किलोमीटरला दोन रुपये द्याल?" एकवीस किलोमीटरचे किती झाले? बेचाळीस. अशी पन्नास माणसं मिळाली तर? एकवीसशे! करा बरं गुणाकार. आमच्याकडे दोन वह्या आहेत. एकीत कोण किती पळालं ते, दुसरीत कुणी किती दिले आणि कुठं खर्च झाले ते. दुसरी वही दुकानात टांगलेली असते. कुणीही यावं आणि पाहावं. लोकांचा पैसा म्हणजे लोकांचा विश्वास, आणि त्याचा हिशेब उघडाच हवा.

धावणारा एकटा दिसतो, पण त्याच्या मागं बरेच हात असतात. बेळगाव भागातला फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. तो तिथवर पोचला, कारण दोराबजी टाटांनी पदरचे पैसे घातले आणि इतरांकडूनही मदत गोळा केली. चौगुलेला देणाऱ्यांनी पुढे नेलं. आमच्या गावात धावणारे देणाऱ्यांना गोळा करतात. गोष्ट एकच.

तुम्हालाही पळावंसं वाटतंय ना? पळा की! पण एवढ्या लांब इतक्यात नाही. तुमची हाडं अजून वाढताहेत. मोठ्या शर्यतींत पूर्ण मॅरेथॉनसाठी अठरा वर्षांची अट असते, ती उगीच नाही. तुम्ही मित्रांबरोबर गप्पा मारता येतील इतक्या वेगानं एक-दोन किलोमीटर पळा, आणि घरच्यांना सांगून जा. शाळेच्या शर्यतीत ज्याचा नेहमी शेवटचा नंबर येतो, त्याला मुद्दाम बरोबर घ्या. लांब पळायला वेग लागत नाही, रोज हजर राहावं लागतं. तसला मुलगा त्यात तुमच्याही पुढं निघेल!

आणि पळता पळता आपल्या गावाकडे नीट बघा. कुणाला दवाखान्यात जायला सोबत नाही? कुणाची येरझार थांबत नाही? तिथून तुमची शर्यत सुरू होते.