स्पितीतले शाळिग्राम

मैत्रिणींनो, तुळशीच्या लग्नात पुष्कळ घरांत नवरदेव म्हणून शाळिग्राम ठेवतात ना? त्याची भावंडं मी हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात पाहिली. लांग्झा हे गाव चौदा हजार फुटांहून उंच. पावसाळी ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात, म्हणून इथं नुसतं करडं, गारठलेलं वाळवंट. आणि तिथल्या काळ्या, ठिसूळ दगडांत चकलीसारखे वळलेले शिंपले! हे अमोनाइट, आपल्या कोकणातल्या माकुळांचे लांबचे नातलग. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथं टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या चिखलात ते गाडले गेले. पुढं, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारताची भूमी आशियाला धडकली आणि तो तळच दुमडत वर आला. गंडकीतले शाळिग्रामही याच समुद्रातले.

गावातली मुलं असे दगड विकायला आणतात. मोह होतोच हो! पण दगड कुठल्या थरातला, यावरून त्याचं वय कळायला मदत होते. आपल्या शोकेसमध्ये आला की तो मुका. मी मुलाला बिस्किटं दिली, दगड घेतला नाही. त्यानं तो खिशात टाकला आणि पुढच्या जीपकडे धावला.