चौरंगावरचा तिसरा हात

आज आजीच्या सागवानी चौरंगावर पॉलियुरेथेनचा तिसरा हात दिला. ब्रश नाही, जुन्या सुती धोतराची घडी. तेलाधारित पॉलियुरेथेनमध्ये निम्म्याला निम्मं टर्पेंटाइन मिसळलं की ते पुसत पुसत लावता येतं. ब्रशच्या रेघा नाहीत, ओघळ नाहीत.

सागाच्या अंगातच तेल असतं. वरचा थर लवकर सुकत नाही. म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं होतं. चिंधीवर पिवळट डाग उतरला. मग पहिला हात फिरला आणि इतकी वर्षं राखाडी दिसणाऱ्या लाकडातून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. मी पाहतच राहिलो. डाव्या कोपऱ्यात निरांजनाने भाजलेला काळा ठिपका आहे. तो आजीच्या हातचा. घासून काढला नाही, काढणारही नाही.

पावसाळी हवेत थर वाळायला एक रात्र पुरत नाही. वाळला की ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, धूळ टिपायची, पुढचा हात. अजून दोन लागतील. गणपतीला वेळ आहे.

एक विनंती मात्र आहे. या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. घराबाहेर, एकेक मोकळी पसरून वाळवा.