बातमीचा धनी
प्रा. बेन बॅग्डिकियन यांचे नाव निघाले की विमानातील ते खोके हमखास आठवते. १९७१ साली व्हिएतनाम युद्धासंबंधीचे गुप्त सरकारी दस्तऐवज त्यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'साठी बॉस्टनहून आणले, तेव्हा खोक्यासाठी शेजारचे आसनही विकत घेतले होते! तुरुंगाचे वास्तव जाणण्यासाठी ते खुनी कैदी म्हणवून कोठडीतही राहिले.

मला मात्र त्यांचे प्राध्यापकी पर्व अधिक मोलाचे वाटते. निर्वासित आर्मेनियन कुटुंबातील हा पुत्र १९७६ मध्ये बर्कलीला पत्रकारिता शिकवू लागला. १९८३ साली 'द मीडिया मोनॉपली' या ग्रंथात त्यांनी हिशेब मांडला, की अमेरिकेतील बहुतेक प्रसारमाध्यमे अवघ्या ५० कंपन्यांच्या हाती आहेत. काहींनी त्यांना भयवादी ठरविले. २००४ च्या आवृत्तीत तो आकडा ५ वर आला होता. सरकारने दडपलेली बातमी निदान कधीतरी उघडकीस येते. परंतु मालकाची मर्जी ओळखून लिहिलीच न गेलेली बातमी वाचकाला दिसावी कशी?

२०१६ साली ते निवर्तले. त्यांचा ग्रंथ वाचल्यापासून वृत्तपत्र हाती आले, की अग्रलेखाआधी माझी दृष्टी तळाच्या मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक ओळीकडे जाते.