सोनाराने कान टोचले

मैत्रिणींनो, कान टोचायला सोनारच लागतो असं आपल्याकडे म्हणतात ते काही खोटं नाही. घरच्या माणसांनी शंभरदा सांगितलेलं आपण या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. तेच परक्याने एकदा सांगितलं की कसं लख्ख पटतं! माझे कान असे टोचले गेले ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. सोनार कोण, तर डोंबिवली स्टेशनाजवळच्या एका दुकानातला, जेमतेम विशीतला एक मुलगा. आणि मी त्याच्याकडे गेले होते ती इयरफोन घ्यायला!

तुम्ही म्हणाल, या वयात हे काय खूळ? सांगते. आमची जागा बेताची. मी साडेपाचला उठते आणि ओट्याजवळच्या फळीवर फोन ठेवून गाणी लावते. बालगंधर्व, हिराबाई, मल्लिकार्जुन मन्सूर... माहेरी रेडिओवर ऐकलेली सगळी मंडळी. पण सूनबाईची कचेरी परदेशच्या वेळेवर चालते, ती झोपते रात्री दोनला. 2024 च्या गणपतीनंतरची गोष्ट. एका सकाळी ती डोळे चोळत बाहेर आली नि म्हणाली, "आई, आवाज जरा कमी करता का?"

मी म्हटलं, "कमीच तर आहे!"

ती काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण पुटपुटल्यासारखं. मला ते लागलं. हल्ली तिचं हे असंच चाललं होतं. जेवताना काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलायची, आणि मी "काय?" म्हटलं की "काही नाही" म्हणायची. मी मनाशी ठरवलं, आपलं गाणं आपल्या कानात. कुणाची बोलणी नकोत. भिशीचे दोन हजार माझ्याकडे होते. मुलाला न विचारता मी दुकान गाठलं.

मला वाटलं होतं, मुलगा आधी विचारेल, किती रुपयांपर्यंतचा दाखवू? त्याने विचारलं, "काकू, तुम्ही ऐकता काय? आणि ऐकता कुठे?" साडी घेताना आपण आधी नेसायची कुठे ते ठरवतो ना, लग्नात की घरात, तसंच आहे हे.

आधी 'कुठे' ते बघू. कानाच्या नळीत रबरी टोपी घालून बसतो तो एक प्रकार. तो बाहेरचा आवाज बराच अडवतो. लोकलमध्ये, बसमध्ये हा उत्तम. बाहेरचा गोंगाट कमी आत येतो, म्हणून गाणं हळू लावूनही पुरतं. कानाच्या पाळीत नुसता अडकून राहतो तो दुसरा. त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं. स्वयंपाक करताना ऐकणार असाल तर हा बरा, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि डाळीचं पिठलं होतं! शिवाय दाराची घंटा आहे, दूध उतू जाणं आहे. आणि रस्ता ओलांडताना कुठलाच नको, हे सांगायला नकोच.

'बाहेरचा गोंगाट बंद करणारे' म्हणूनही महागडे इयरफोन मिळतात. त्यांतला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतून त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पंख्याची घरघर, गाडीची धडधड असल्या एकसुरी, खर्जातल्या आवाजावर हे छान चालतं. शेजारणीच्या बोलण्यावर किंवा भांड्यांच्या आदळआपटीवर फारसं नाही. तेव्हा घरच्या कटकटीवर उतारा म्हणून जादा पैसे मोजू नका.

आता तारेचा की बिनतारी? बिनतारी सुटसुटीत खरा. पण त्याच्या किमतीत बॅटरी, डबी, आतला इवलासा रेडिओ या सगळ्यांचा वाटा असतो. त्याच पैशांत तारेचा घेतला तर आवाज बहुधा सरस मिळतो. शिवाय बिनतारीची ती चिमुकली बॅटरी काही वर्षांत थकते आणि बहुतेकांत बदलताही येत नाही. तारेचा तुटतो तो पिनेच्या मुळाशी किंवा कानापाशी. म्हणून तार काढून दुसरी लावता येते असा मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्या, पुढे वाचतात. मात्र घरून निघण्यापूर्वी आपल्या फोनला गोल भोक आहे की नाही ते पाहा. 2016 साली आयफोन 7 ने ते काढून टाकलं आणि मागोमाग पुष्कळांनी काढलं. नसेल तर चार्जिंगच्या भोकात बसणारी छोटी जोडणी घ्यावी लागते, तिचेही पैसे हिशेबात धरा.

मग 'काय ऐकता' ते. खोक्यावर 20 ते 20,000 हर्ट्झ असं छापलेलं असतं. ते वाचून भुलू नका, ते जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं, शंभर रुपयांच्यासुद्धा. खरा फरक कुठला सूर पुढे येतो आणि कुठला दबतो यात आहे. ढोलकीची लावणी, नव्या सिनेमातली गाणी आवडत असतील तर खर्ज थोडा भरदार हवा. पण फार भरदार झाला की तबल्याचा डग्गाच घुमत राहतो आणि भजनाचे शब्द त्यात बुडतात. ख्याल ऐकणारीला तानपुऱ्याच्या जवारीची रुणझुण हवी, म्हणजे वरचा भाग स्वच्छ हवा. कीर्तन, कथाकथन, बोलती पुस्तकं ऐकणारीला मधला भाग मोकळा हवा, माणसाचा आवाज तिथे असतो.

आणि माझ्यासारखी जुन्या तबकड्यांची नादिष्ट असेल तर? त्याने मला आधी एक चार हजारांचा लावून दिला. त्यात बालगंधर्वांपेक्षा तबकडीची खरखरच जास्त स्पष्ट ऐकू आली! 78 फेऱ्यांच्या त्या तबकड्यांत फार वरचे सूर मुळात उतरलेलेच नसत. वरचं सगळं बारीक टिपणारा इयरफोन तिथे खरखरच टिपणार. मग त्याने साडेचौदाशेचा, मऊ आवाजाचा काढला. गळा पुढे आला, खरखर मागे गेली. महाग ते चांगलं, हा समज तिथेच निकालात निघाला.

एक आणखी. टोप्या तीन मापांच्या येतात. लहान, मध्यम, मोठ्या. मधलीच लावून गप्प बसू नका. टोपी सैल असली की खर्ज पळून जातो आणि चांगला इयरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. रबराने कान खाजत असेल तर स्पंजाच्या टोप्या मिळतात. आणि दुकानात जाताना आपण पन्नासदा ऐकलेली दोन-तीन गाणी घेऊन जा. दुकानदाराच्या ढणढणत्या गाण्यावर निवड करू नका.

असा तो साडेचौदाशेचा इयरफोन घेऊन मी ऐटीत घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे लावला आणि माझं डोकंच फिरलं. गाणं सगळं उजवीकडे! जुनी मुद्रणं 'मोनो' असतात, म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकच आवाज जातो. तो डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. मला मात्र बालगंधर्व उजव्या खांद्यावर बसून गात असल्यासारखे वाटत होते. दुकानात घाईगर्दीत ते लक्षातच आलं नव्हतं. म्हटलं, फसवलं मेल्याने!

दुकान उघडायच्या वेळी मी पायरीवर हजर. मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं, स्वतः लावून पाहिलं. मग म्हणाला, "काकू, आता डावा उजव्या कानात घाला आणि उजवा डाव्यात." मी घातला. आवाज इयरफोनमध्ये कमी असता तर आता बाजू बदलायला हवी होती. बदलली नाही. गाणं तसंच उजवीकडे.

तो जरा थांबला. मग हळूच, म्हणजे मला ऐकू जाईल इतपत हळू, म्हणाला, "इयरफोन बरोबर आहे, काकू. कान दाखवून घ्या."

भांडायला गेलेली मी, पाणी पिऊन परत आले.

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला. थोडा फरक पडला. मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर दोन रेघा उमटल्या, उजव्या कानाची बरीचशी सपाट, डाव्या कानाची वरच्या सुरांकडे उतरत गेलेली. डॉक्टर म्हणाले, स्वर खालच्या सुरांत असतात, पण स, श, फ, ट अशी व्यंजनं ऐकू येतात ती वरच्या सुरांमुळे. "म्हणून कुणी बोलतंय ते तुम्हाला कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. लोक पुटपुटतात असं वाटतं का हो?"

मैत्रिणींनो, त्या खुर्चीत मला एकदम आमचं जेवणाचं टेबल दिसलं. सूनबाई बसते माझ्या डाव्या हाताला.

दोन वर्षं मी तिला पुटपुटी म्हणत होते, बहिणीजवळ फोनवर तिची गाऱ्हाणी सांगत होते. आणि तिला काय वाटत असेल? संध्याकाळी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी 'भाजी वाढू का' विचारायचे, तुम्ही बघायचा नाहीत. मला वाटायचं तुम्हाला माझा राग आहे." मग बोलणंच कमी केलं बिचारीने. सकाळचा तो आवाजही, मला कमी वाटणारा, भिंतीपलीकडे दणदणत होता.

एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर कारण शोधायलाच हवं, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली. सुदैवाने काही निघालं नाही. श्रवणयंत्राचं सहा महिन्यांनी ठरवू म्हणाले. गंमत अशी, की चांगल्या इयरफोनांत एक बारीक ध्वनियंत्र असतं, ते मूळचं श्रवणयंत्रांतलं. तेच वापरून अमेरिकेतल्या इटिमोटिक रिसर्च कंपनीने 1991 साली ईआर-4 हा इयरफोन काढला. तेव्हा यंत्राची लाज कसली? ही दोन्ही एकाच घरची लेकरं.

जाता जाता डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, पण दर तीन डेसिबलला तास निम्मे होतात. 90 वर गेलात तर आठवड्याला जेमतेम चार तास! पोरांसाठी मर्यादा 75 ची. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. कानात काडी घालू नका, मळ उलट आत जातो. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मुलाने फोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज थोडा वाढवून दिला आहे. तशी सोय फोनमध्ये असते, हे मला ठाऊकच नव्हतं. आता बालगंधर्व बरेचसे मधोमध आले आहेत. कुकर लावला की मी कानातून एक बाजू काढून ठेवते.

तुम्हीही नवा इयरफोन आणाल तेव्हा एखादं जुनं गाणं लावा, डोळे मिटा, आणि गाणारा मधोमध बसला आहे का ते पाहा. नसेल तर बाजू बदलून पाहा. दुकानदाराशी भांडायचं ते त्यानंतर.

आणि हो, सूनबाईची खुर्ची मी उजवीकडे आणली आहे. काल तिने विचारलं, "आई, भाजी वाढू का?" मी म्हटलं, "वाढ. आणि मीठ जरा जास्त झालंय का गं?" ती म्हणाली, "झालंय." तेसुद्धा अगदी स्वच्छ ऐकू आलं!