चिमण्यांचे तोरण

आश्विन सरत आला की छत्तीसगडातील शेतांचे रंग पालटू लागतात. हळवे भात पिवळे पडते, गरवे अजून हिरवेच असते. भिलाईहून दुर्गमार्गे राजनांदगावकडे जाताना रसमडा हे लहानसे रेल्वेस्थानक लागते. तेथे एका अंगाला कारखान्यांची वसाहत आणि दुसऱ्या अंगाला अशी दुरंगी शेते दिसतात. आमचे घर शेतांच्या बाजूला आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्याचा करार १९५५ साली झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व भागांतून माणसे नोकरीसाठी आली, त्यांत माझे सासरे होते. मराठी माणूस या मुलखाला नवखा होता असे मात्र नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य येथवर पोहोचले होते.

येथील दिवाळीत मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे भाताच्या लोंब्यांची झालर. नव्या पिकाच्या लोंब्या देठांसह विणून तिचे तोरण करतात आणि दाराशी टांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत शेजारच्या काकींनी मला अशी झालर आणून दिली. ती कोणत्या देवासाठी, असे मी विचारले. “चिरई मन बर,” त्या म्हणाल्या. पाखरांसाठी! माझे माहेर कोकणातले. तिथेही आम्ही दाराला ‘नवं’ बांधतो. भाताची लोंबी, आंब्याचे पान, झेंडू, कुरडूचे फूल यांची ती लहानशी जुडी. पण ती घराच्या भरभराटीसाठी. दारावरचा दागिना पाखरांनी खाऊन संपवावा म्हणूनच घडवायचा, हे मला नवे होते.

गेल्या दिवाळीत ही झालर मी माझ्या सहा वर्षांच्या नातीबरोबर विणली. तिच्या वडिलांची बदली पुण्याला झाली होती. सणानंतर मायलेकीही जाणार होत्या. या घरातून जाताना आपल्या हातचे काहीतरी बरोबर न्यावे, असे तिच्या मनात होते. मुलांना ही ओढ मोठ्यांहून कमी नसते. फक्त तिला नाव देता येत नाही.

काकींच्या शेतातून हळव्या भाताच्या लोंब्या आणल्या. देठ हातभर लांब ठेवायचे आणि त्यांवरची पाने सोलून काढायची. देठ वाळले तर वळताना मोडतात, म्हणून थोडा वेळ पाण्यात ठेवायचे. मग तीन देठांची वेणी घालायला घ्यायची. प्रत्येक पेडाला नवा देठ मिळवत जायचे आणि लोंब्या एकाच बाजूला मोकळ्या सोडायच्या. बाहुलीचे केस विंचरून नातीचा हात वेणीला सरावला होता. तरीही तिची बोटे लहान; पेड कुठे सैल, कुठे घट्ट, मधेच एक फुगवटा. तो फुगवटा मी तसाच राहू दिला. पाच देठ मी घालायचे, पाच तिने, असे करत हातभर झालर झाली. कोणता भाग कोणाचा, हे कुणालाही ओळखता आले असते.

“ही आता माझी. पुण्याला न्यायची,” ती म्हणाली.

लेकीने सुचवले, वार्निश मारू, म्हणजे वर्षानुवर्षे टिकेल. बाजारातील काही झालरींना तसे चकचकीत रोगण लावलेले असते. मला ते पटले नाही. रोगण लावलेले दाणे पाखरांना कसे द्यायचे? आणि न द्यावेत तर मग ती झालर कसली?

पण सहा वर्षांच्या मुलीला हे सांगायचे कसे? मी तिला तिच्या पहिल्या संक्रांतीचे छायाचित्र दाखवले. अंगात काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तो हलवा मीच केला होता. मंद आचेवर तीळ हलवत राहायचे, चमचाचमचा साखरेचा पाक घालायचा. काटा यायला दिवसचे दिवस जातात.

“ते दागिने कुठे आहेत?” तिने विचारले.

“तूच हार चोखलास. उरलेला बोरन्हाणाला आलेल्या मुलांनी खाल्ला.”

ती बराच वेळ छायाचित्र पाहत राहिली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, ज्या दिवसाला येथे सुरहुत्ती म्हणतात, ती झालर घेऊन दाराशी आली आणि खुर्ची मागू लागली.

चिमण्या लगेच आल्या नाहीत. आमच्या लहानपणी त्या आरशावरही चोच मारीत. आता त्यांची वाट पाहावी लागते. नाशिकचे महंमद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो, तो याच काळजीपोटी. केवळ दाणे टांगून चिमण्या वाढत नाहीत, हेही खरे. त्यांच्या पिलांना किडे-अळ्या लागतात आणि घरट्याला भिंतीत भोक लागते. नव्या घरांच्या गुळगुळीत भिंतींत ते कुठून मिळणार?

भाऊबीजेच्या दुपारी दोन चिमण्या आल्या. नात पडद्याआड श्वास रोखून उभी होती. चिमणी लोंबीला उलटी लटके, दाणा काढी, चोचीत फिरवून टरफल खाली टाकी. नातीने ती टरफले वेचून आगपेटीच्या रिकाम्या डबीत भरली. पुण्याला गेली ती तेवढी डबी.

झालर मी उतरवली नाही. दाणे संपले, वेणी राहिली. चैत्रात एक चिमणी तिचे पेड ओढू लागली. घराच्या जुन्या बाजूला विजेच्या मीटरच्या पेटीमागे तिचे घरटे चालले होते. मी दूरध्वनीवरून नातीला कळवले. तिने एकच विचारले, “माझ्या भागातलं नेलं, की तुझ्या?”

फुगवटा जिथे होता तिथलेच देठ सैल होते. तिथूनच नेत होती.