माझ्या फिटचे साक्षीदार

माझी फिट मी स्वतः कधी पाहिली नव्हती. पोटातून काहीतरी घशाशी चढतं, जळक्या रबराचा वास येतो, आणि भान येतं तेव्हा जीभ चावलेली असते, अंग ठणकत असतं, समोरच्या माणसाचं नाव आठवत नाही. मधली मिनिटं घरच्यांनी पाहिलेली असतात. ती डॉक्टरांपर्यंत नीट पोचली, तेव्हा माझे उपचार खऱ्या अर्थानं सुरू झाले.

लग्न होऊन साताऱ्याहून फरीदाबादला आले. ह्यांची नोकरी इथल्या कारखान्यात, घर एनआयटी नावाच्या वस्तीत. माझ्या आजाराचं नाव अपस्मार. 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात त्या कारणावरून लग्न रद्द ठरवता येई. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते कारण काढलं. लोकांच्या मनातून मात्र ते गेलेलं नाही. म्हणून आईनं बोलणी चालू असतानाच सगळं सांगितलं, आणि ऐकूनही हे मागे हटले नाहीत.

इथं मला फिट आली की शेजारणी धावत यायच्या, "दौरा पड़ा है, जूता सुंघाओ" म्हणायच्या. कुणी दातांत चमचा घालू बघायची. ह्यांनी एकेकीला समजावलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या. आता गल्लीतल्या पोरांनाही हे पाठ आहे.

2015 मध्ये मेट्रो फरीदाबादला आली आणि दिल्लीच्या एम्सला जाणं सोपं झालं. केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलायची. प्लॅटफॉर्मवर मी भिंतीला टेकून उभी राहते, हे माझ्या पुढे.

डॉक्टरांनी पहिले प्रश्न ह्यांनाच विचारले. डोळे कुठे वळतात? कोणता हात आखडतो? किती वेळ? मग म्हणाले, पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा. बायको तडफडत असताना फोन धरणं ह्यांच्या जिवावर आलं, पण धरला. त्या चित्रणात मी ओठ चाटत होते, उजव्या हातानं ओढणी चाचपत होते, डावा हात आखडला होता. डॉक्टर म्हणाले, सुरुवात बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला होते.

औषधांचंही तसंच: काही तपासणीत कळतं, काही घरच्यांनीच सांगावं लागतं. कार्बामाझेपिननं रक्तातलं सोडियम घसरलं, ते तपासणीत कळलं. लेव्हेटिरासिटॅमनं फिट कमी झाल्या, पण मी क्षुल्लक गोष्टींवरून भडकू लागले. हे कुठल्या तपासणीत दिसणार? लाज बाजूला ठेवून सांगितलं, तेव्हा कळलं की या गोळीनं काहींना असं होतं. मग ती हळूहळू उतरवली, दुसरी चढवली. मूल हवंय म्हटल्यावर व्हॅल्प्रोएटचा विचारच सोडला, कारण ते गर्भाला घातक ठरू शकतं. फॉलिक ॲसिड सुरू झालं. आज आमची मुलगी शाळेत जाते.

फिट मात्र पूर्ण थांबल्या नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी करतात. एम्सच्याच डॉक्टरांनी 116 मुलांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं वर्षानंतर फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरची फक्त 7 टक्के. मला मोठी आशा वाटली.

व्हिडिओ ईईजीसाठी दाखल झाले. डोक्याला तारा चिकटवल्या, गोळ्या कमी केल्या. जी येऊ नये म्हणून घरी देवापुढे हात जोडतो, त्या फिटची तिथं वाट बघत बसलो. काही फिट उजवीकडून सुरू झाल्या, काही डावीकडून. दोन्हीकडचा भाग काढला तर स्मरणशक्तीच जाईल, म्हणून शस्त्रक्रिया होणार नाही असं ठरलं. नंतरच्या काही चित्रणांत उजवा हात आखडतो, हे ह्यांनी फिटच्या नोंदींच्या वहीत आधीच टिपलं होतं. निर्णय कळला त्या दिवशी मी खूप रडले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, मुलीचा अभ्यास घेताना डोकं जड नको. त्यांना रात्रीच्या मोठ्या फिटची काळजी होती, कारण झोपेत आलेली ती जिवावर बेतू शकते. दोन्ही सांभाळून आम्ही मिळून मात्रा ठरवली. लहान फिट अजून येतात, मोठ्या क्वचित. गोळ्या नेहमी एकाच कंपनीच्या घेते. उन्हाळ्यात वीज गेली की झोप मोडते आणि फिट येते, हे वहीवरून कळलं. मग इन्व्हर्टर घेतला. हरतालिकेचा निर्जळी उपवास सोडला. न्हाणीघराची कडी लावत नाही.

आता मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे सौम्य स्पंद देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राबद्दल विचारायचं आहे. खर्च किती, बॅटरी किती वर्षं चालेल, हे ह्यांनी लिहून ठेवलंय. त्यानं माझ्यासारखीला किती फरक पडेल आणि आवाज बदलेल का, हे मी विचारणार आहे. उत्तरं ऐकून मगच डॉक्टर, हे आणि मी असे आम्ही तिघं ठरवू.