चालीवरून ओळख

शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेलं मुधोळ कर्नाटकातलं. हे मुधोळ तेलंगणातलं, गोदाकाठच्या बासरच्या शेजारचं. अनेक वर्षं ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आलं. त्याहीआधी एकदा त्याचा जिल्हा बदलला होता, आणि तो बदल जास्त खोलवरचा होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका दोन राज्यांत वाटला गेला. मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आंध्रात गेली आणि धर्माबाद अलीकडे राहिलं. जमिनीची वाटणी कागदावर झाली, पण कानांची वाटणी कुणाला करता आली नाही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात हिंदी-उर्दू असा दिवस काढणाऱ्या या पट्ट्यात सिनेमाची गाणीही तिन्हीकडून येतात. म्हणूनच एका प्रश्नाचा विचार करायला हे गाव मला फार सोयीचं वाटतं. एखाद्या संगीतकाराचा नवा अल्बम येणार म्हटल्यावर त्याचे चाहते महिनोन्‌महिने वाट पाहतात, म्हणजे नेमकं काय करतात? ते एका नावाच्या मागे लागलेले असतात, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. वाट पाहणं हा ऐकण्याचाच एक भाग आहे, आणि त्यात आंधळेपणापेक्षा जाणतेपणा अधिक आहे, असं माझं म्हणणं आहे.

मराठीत ‘चाल’ हा शब्द माणसाच्या चालण्यालाही वापरतात आणि गाण्यालाही. अंधारात येणारा माणूस तोंड दिसण्याआधी चालीवरून ओळखू येतो, तसा संगीतकारही ओळखता येतो. याचा सीमाभागातला सर्वांत चांगला पुरावा म्हणजे एम. एम. कीरवाणी. तेलुगूत कीरवाणी, तमिळमध्ये मरगदमणि आणि हिंदीत एम. एम. क्रीम अशा तीन नावांनी हा एकच माणूस काम करत आला. महेश भट्ट यांचा ‘क्रिमिनल’ नव्वदच्या दशकात तेलुगू आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यानं ‘तू मिले दिल खिले’ ऐकलं, हैदराबादच्या श्रोत्यानं तीच चाल ‘तेलुसा मनसा’ म्हणून ऐकली. दोन्ही ऐकायला मिळणं हे मुधोळसारख्या गावाचंच भाग्य. कॅसेटवरची नावं वेगळी होती, तरी कान एकाच माणसापाशी पोचत होते. पुढे ‘जख्म’ आला, ‘जिस्म’ आला, आणि ‘आरआरआर’मधल्या ‘नाटु नाटु’ला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तेव्हा देशातल्या कित्येकांना हा संगीतकार नवा वाटला. ज्यांनी दोन्ही नावांखालची गाणी ऐकली होती, त्यांच्यासाठी मात्र ती जुन्या ओळखीच्या माणसाची बातमी होती. चाहता फक्त नावाची वाट पाहत असता, तर नाव बदलताच त्याची वाट चुकायला हवी होती.

दुसरा पुरावा अजय-अतुल यांचा, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. इळैयराजा यांना आपण दैवत मानतो, हे या दोघा भावांनी अनेकदा उघडपणे सांगितलं आहे. महाराष्ट्राच्या आतल्या भागात हे वाक्य एक माहिती म्हणून ऐकलं जातं. तेलंगणाच्या काठावर ती माहिती थेट कानाला पडताळता येते. इळैयराजांनी संगीत दिलेला तेलुगू ‘सागर संगमम’ १९८३चा, ‘गीतांजली’ १९८९चा. इळैयराजांचे व्हायोलिनचे ताफे, गाण्याच्या मध्येच उघडणारी ती मोठी मोकळी जागा, लोकगीताच्या ठेक्याशेजारी निर्धास्त उभा राहणारा पाश्चात्त्य मेळ, हे सगळं तेलुगू सिनेमातून इकडे चाळीस वर्षांपूर्वीच येऊन बसलं होतं. त्यामुळे ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि पुढे ‘सैराट’ आले तेव्हा मराठीतला तो भव्य वाद्यमेळ काहींना परका, उसना वाटला असेल, पण इथल्या कानाला त्याचं गोत्र माहीत होतं. शिवाय देवाणघेवाण एकाच बाजूची नव्हती. अजय-अतुल यांनी २००६ साली रवी तेजाच्या ‘शॉक’ या तेलुगू चित्रपटाला संगीत दिलं होतं. महाराष्ट्रात आजही ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असेल. एकाच संगीतकाराला दोन भाषांत ऐकलेला श्रोता त्याच्या पुढच्या अल्बमची वाट पाहतो, तेव्हा त्याच्या मनात एक अदमास असतो. हा माणूस कुठून आला, कुठे थांबला आणि आता कुठे जाईल याचा तो अदमास. असा अदमास बांधता येणं ही मेहनतीनं कमावलेली गोष्ट आहे. शेतकरी वाऱ्याच्या दिशेवरून पाऊस सांगतो, तशीच.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी हवा कंपन्यांनी निर्माण केलेली असते. आधी पोस्टर, मग टीझर, मग अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि मग गाणं. भूक आपली नसून ती लावली जाते, असं म्हणणारे पूर्ण चूक नाहीत. जाहिरातीच्या जोरावर पहिल्या दिवशी लाखोंनी गाणं वाजवलं जातं, हे खरंच आहे. पण इतिहास दुसरंही काही सांगतो. १९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीनं चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलं. त्यामागे जाहिरात नव्हती, उलट सरकारचा कडक नकार होता. श्रोत्यांनी काय केलं? त्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’साठी सारा देश बुधवारच्या रात्रीची वाट पाहू लागला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. भूक लावली जाते हे मान्य केलं, तरी ती मुळात होती म्हणूनच लावता आली. आणि जाहिरात पहिला दिवस देऊ शकते, दहावं वर्ष देऊ शकत नाही. ‘फँड्री’साठी अजय-अतुल यांनी केलेलं गाणं चित्रपटात नाहीच. ते निव्वळ प्रसिद्धीसाठी होतं. या आक्षेपाप्रमाणे पाहिलं तर प्रसिद्धीचा हंगाम संपताच ते गाणं विरून जायला हवं होतं. ते अजून वाजतं.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. चित्रपटाचं संगीत चित्रपटासाठी असतं. ते आधीच ऐकून, पाठ करून थिएटरात जाणं म्हणजे दिग्दर्शकानं रचलेला प्रसंग स्वतःच्या हातानं शिळा करणं, असं त्यांचं म्हणणं. याला मी ‘सैराट’चं उत्तर देईन, आणि ते जरा सावकाश देईन. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट आला त्याआधी ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’ ही चारही गाणी लोकांच्या तोंडी होती. त्यांचा वाद्यमेळ हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता आणि शब्द मात्र करमाळ्याच्या मातीतले होते. ‘सैराट झालं जी’मध्ये अजय यांच्यासोबत चिन्मयी श्रीपाद यांचा आवाज आहे. तेलुगू प्रेक्षक हा आवाज गाण्यांतून तर ओळखतातच, शिवाय नायिकांच्या संवादांतूनही ओळखतात. म्हणजे मराठी गाण्यातही या काठाला ओळखीचं माणूस भेटलं. आता चित्रपटाची रचना पाहा. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. उत्तरार्धात नायिका आर्ची आणि नायक परश्या पळून हैदराबादला येतात, अनोळखी भाषेत, झोपडपट्टीत, डोशाच्या गाडीपाशी आयुष्य नव्यानं मांडतात, आणि तिथे एकही गाणं नाही. मुधोळच्या प्रेक्षकाला ते हैदराबाद परकं नाही आणि ती तेलुगूही परकी नाही, तरी गाण्यांचं ते अचानक थांबणं त्याला टोचतंच. शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतला आहे. लहान मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. ज्यानं ती चार गाणी महिनाभर कानात वागवली आहेत, त्याला ही शांतता सर्वांत जास्त लागते. भरलेल्या कानालाच रिकामेपण कळतं. गाणी आधी ऐकल्यानं हा प्रसंग शिळा झाला नाही. गाणी आधी ऐकली होती म्हणूनच तो इतक्या खोल गेला.

मला खऱ्या अर्थानं अडचणीत आणणारा आक्षेप तिसरा आहे. चाहत्यांची अपेक्षा संगीतकाराच्या पायातली बेडी होते. ‘झिंगाट’ गाजलं की पुढच्या प्रत्येक अल्बममध्ये लोक ‘झिंगाट’ शोधतात, निर्मातेही तेच मागतात, आणि ठेका तोच, उसळी तीच अशी गाणी निघत राहतात. हे घडतं, आणि मराठीत गेल्या काही वर्षांत पुष्कळ घडलं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे दोन अपेक्षांतला फरक पाहायला हवा. तेच गाणं पुन्हा हवं असणं वेगळं आणि त्याच हाताचं नवं काही हवं असणं वेगळं. आईच्या हातची चव हवी म्हणणारा माणूस रोज एकच भाजी मागत नाही. ‘वेड’चं उदाहरण घेऊ. रितेश देशमुखचा हा मराठी चित्रपट ३० डिसेंबर २०२२ ला आला. तो २०१९च्या ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावरून केलेला होता. ‘मजिली’ची गाणी गोपी सुंदर यांची, आणि ती सीमेवर आधीच रुळलेली. त्यामुळे ‘वेड’च्या अल्बमची वाट पाहणाऱ्या द्विभाषिक श्रोत्यापुढे मोठा कुतूहलाचा प्रश्न होता. प्रसंग तेच, दुःख तेच, त्यावर अजय-अतुल काय करतील? त्यांनी चाली पूर्णपणे स्वतःच्या केल्या. कथा तीच असूनही तिचं दुखणं दुसऱ्याच स्वरात आलं, आणि ज्याला तुलना करता येत होती त्यालाच त्या कामाची खरी किंमत कळली. अशी अपेक्षा संगीतकाराला बांधून ठेवत नाही, तिच्यामुळे त्याला नवं करायला बळ मिळतं. बेडी घालतो तो अर्धवट चाहता, ज्याला एक गाणं माहीत आहे आणि माणूस माहीत नाही. त्यावर उपाय म्हणजे चाहत्यांना संगीतकाराची अधिक ओळख करून देणं.

आणि नेमकी ही ओळखच आज पुसली जाते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅसेटच्या आत एक घडीचा कागद असायचा. अक्षरं बारीक असत, पण गीतकार, संगीतकार, गायक आणि कधीकधी संयोजकही त्यावर सापडायचा. मग तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेण्याचा काळ आला. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी, आणि गाण्याच्या नावापुढे संगीतकाराच्या जागी ज्या वेबसाइटवरून ते उतरवलं तिचं नाव. आता मोबाईलवर गाणं एका क्षणात मिळतं, पण बासरी कुणी वाजवली, हलगी कुणाची, व्हायोलिनच्या ताफ्यात कोण बसलं होतं हे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. त्यात अल्बमचे तुकडे पडले. आज एक गाणं, तीन आठवड्यांनी दुसरं, चित्रपटाच्या तोंडावर तिसरं. तेलुगूत ही रीत पक्की झाली आहे आणि मराठीतही ती आली. चर्चा लांबते हा कंपन्यांचा हिशेब मला समजतो. पण चार गाण्यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यात तुटतो, आणि संगीतकारानं एक अख्खी गोष्ट स्वरांत कशी मांडली हे ऐकायची संधी जाते. पार्श्वसंगीताची तर गोष्टच सोडा. ‘सैराट’च्या अल्बममध्ये गाणी चारच होती. ज्या वाद्यमेळानं प्रसंगच्या प्रसंग तोलून धरले, त्याला अल्बममध्ये जागा नव्हती.

सीमेवरच्या श्रोत्याच्या वाट्याला आणखी एक उपेक्षा येते. ‘पुष्पा’ची गाणी २०२१ साली पाच भाषांत निघाली, मराठी त्यांत नव्हती. मराठी चित्रपटाचं वितरण ठरतं तेव्हा तेलंगणातली मराठी गावं कुणाच्या यादीत नसतात. दोन्हीकडच्या मोजणीत न बसणारा हा श्रोता तरीही दोन्हीकडच्या अल्बमची वाट पाहतो आणि दोन्ही लक्ष देऊन ऐकतो. संगीतकाराला याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

म्हणून संगीत कंपन्यांना आणि निर्मात्यांना माझी एवढीच विनंती आहे की निदान मोठ्या संगीतकाराचा अल्बम तरी अख्खा, एका दिवशी, पार्श्वसंगीतासह आणि वादकांच्या नावांसकट काढा. आणि वाचकहो, तो आला की पहिल्या खेपेला सगळी गाणी लावलेल्या क्रमानं, एका बैठकीत, मोबाईल उलटा ठेवून ऐका. नाचायचं गाणं कुठे पळून जात नाही.